ओल धरलेली भिंत

ट्रान्सिल्व्हेनियातलं एक गाव, सोळावं शतक सरत असताना

पाद्री लोरिंत्स शहरातून परतले ते पायी,
बुटांना चिखल, घसा बसलेला.
राजवाड्यात नऊ दिवस वाद चालला म्हणे,
पहाटेपासून, लॅटिनमधून,
आणि दहाव्या दिवशी देव एकच निघाला.

मग आम्हाला म्हणाले, हात वर करा.
बहुतेकांनी केले.
माझ्या जावेनं केला नाही. ती उठली,
पोराला कडेवर मारलं
आणि टेकडीपलीकडच्या, तिघांच्या देवळात गेली.
तेव्हापासून आमच्या दोन घरांत
विहीर एक, दोर दोन.

मी ओर्शोया, भट्टीवाल्या गेर्गेयची बायको.
चुनखडी फोडायची, भाजायची, खड्ड्यात विझवायची,
हे माझं शास्त्र.
भिंत पांढरी करायची ठरली
तेव्हा मलाच बोलावणं आलं.

उत्तरेच्या भिंतीवर ते तिघे बसलेले असत
एका बाकावर, एका वयाचे, एका तोंडवळ्याचे.
चितारी कोण, कुणाला ठाऊक नाही.
आळशी असावा, नाहीतर फार हुशार:
एकच चेहरा त्यानं तीनदा काढला.
लहानपणी प्रवचन चालू असताना मी शोधत बसे
यातला बाप कोणता, लेक कोणता,
मधल्याच्या अंगठ्यावर आहे ती जखम
की रंगाचा पोपडा.
आई चिमटा काढायची.

कुंभार बालिंत दारातून ओरडला,
तीन तिघाडा, काम बिघाडा! लाव चुना!
आणि स्वतःच हसला.

पाद्री हसले नाहीत. शिडी त्यांनी स्वतः धरली
आणि खालून मला समजावत राहिले:
त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठेच नाही, ओर्शोया,
माणसांनी मागाहून घातलेला हिशेब आहे तो.
एक म्हणजे एक.
मी म्हटलं, बरं.
कुंचला जड झाला होता.

हिशेबाचंच म्हणाल तर,
मुलं किती, असं कुणी विचारलं
की गेर्गेय आधीच सांगून टाकतो: एक.
खरंच आहे. चुलीपाशी एकच जोडी बूट वाळतात.
मी तीन म्हणते.
एक बारा दिवसांचा होता.
एकीला नाव द्यायचं राहून गेलं,
जमीन इतकी गोठलेली की पहार मागून आणावी लागली,
बालिंतकडून.
तीन म्हणते, आणि वाढते एकाच्याच ताटात.
यावर राजवाड्यात कुणी वाद घालत नाही.

चुना ओला असतो तोवर काहीच झाकत नाही.
हे पाद्रींना माहीत नव्हतं.
पहिला हात दिला तरी ते तिघे तसेच,
दुधाच्या पाण्यातून बघितल्यासारखे,
बघत.
लागत नाहीये, ते घाबरून म्हणाले.
लागेल, म्हटलं. वाळू द्या.
दिवेलागणीपर्यंत भिंत कोरी झाली.

दोन हिवाळे गेले.
बर्फ उतरायला लागलं की ती भिंत ओल धरते.
आधी खांदे उमटले,
मग बाकाची कड,
मग एका सकाळी प्रार्थनेच्या मधोमध
मागच्या ओळीतलं एक मूल मोजायला लागलं.

जाऊ विहिरीवर भेटली. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली:
दिसतात का गं?
ओल असली की, म्हटलं.
तिनं माझी बादली वर ओढून दिली.
दोर तिचा होता की माझा,
बघायचं राहिलं.

पाद्रींचा निरोप आला, एक मडकं मध देतो, ये.
मी गेले. ते भिंतीसमोर उभे होते,
टोपी हातात.
किती हात देऊ? मी विचारलं.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, एक.
एक पुरे.

मी चुना कालवला.
यंदा पाणी जरा जास्तच पडलं.